न उघडता वाचलेलं दार

“सुरळीची वडी कुणाकुणाला आवडते?”

मोझेल पेणकरनं विचारलं आणि तळखारच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गातले सगळे हात वर गेले. एका मुलीनं तर दोन्ही वर केले.

“छान. आता समजा, ही वडी मी टेबलावर ठेवली. हात लावायचा नाही, उलगडायची नाही. पण आत खोबरं कुठं पडलंय आणि कोथिंबीर कुठं, ते मला सांगायचं. कसं सांगाल?”

“खाऊन,” मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला, मोझेलही हसली. “खाल्लीस की संपली. माझ्याकडच्या वड्या परत करून मिळत नाहीत रे. काही तर हजार वर्षांच्या आहेत. त्या कातड्याच्या आहेत आणि आत खोबऱ्याऐवजी अक्षरं आहेत.”

तिनं फळ्यावर गोल गोल आत जाणारी एक रेघ काढली. मधोमध कापलेली वडी बाजूनं दिसते तशी. मग खांद्यावरच्या पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं. पुण्याच्या त्यांच्या संशोधन केंद्रात सगळे त्याला डबाच म्हणत. डब्यातून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. वाळलेलं लाकूड, कापड, कातडं यांतून ते आरपार जातात. पण जाताना प्रत्येक थरावर थोडे आपटून मागे फिरतात. नुसत्या कातड्यावरून वेगळे फिरतात, काजळीच्या शाईवरून वेगळे. त्या परत आलेल्या किरणांवरून डबा गुंडाळीचे केसापेक्षा पातळ काप पाडतो, अर्थात सुरी न लावता. मग संगणक प्रत्येक कापातली ही गोल रेघ बोटानं धरल्यासारखी धरतो आणि हळूहळू सरळ करत नेतो. गुंडाळी असते तिथंच राहते. पडद्यावर मात्र तिचं पान झालेलं असतं.

मुलं बाकावरून पुढं सरकली होती. दोन हात वर करणारीनं जरा घाबरत विचारलं, “मग माझ्या दप्तरातली चिठ्ठीपण दिसेल?”

“कुणाला लिहिलीयस?” शेजारची म्हणाली, आणि पुन्हा हसू पिकलं.

मागच्या भिंतीशी खुर्चीवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. सेगुला आरोन चेऊलकर. याच शाळेत शिकवता शिकवता त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि निवृत्तीनंतरही सवय सुटेना म्हणून वर्गात येऊन बसत. गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. तळखारमध्ये उरलेल्या त्या शेवटच्या बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैलांनाही सुट्टी द्यायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. बाकीची घरं कधीच इस्राएलला निघून गेली होती.

“न उघडता वाचता येतं, हे कळलं,” बाई म्हणाल्या. “न विचारता वाचता येतं का?”

“येतं, बाई. पण आम्ही वाचत नाही. घरमालकानं हो म्हटल्याशिवाय एकही दार नाही.”

हे मोझेल अगदी मनापासून बोलली होती.

ती दारं वाचायला आली होती. ज्यू घराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, एक छोटी नळी ठोकलेली असते. तिला मेझुझा म्हणतात. आत कातड्याची गुंडाळी असते आणि तिच्यावर तोरा या धर्मग्रंथातले दोन उतारे हिब्रूत, हातानं लिहिलेले. येता-जाता नळीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना टेकवायची. मोझेल स्वतः ठाण्याच्या पेणकरांची, तिच्या आईनं तिला हे चालायला लागायच्या आधी शिकवलेलं. गुंडाळी लिहिण्याचे नियम कडक. लिहिणारा जाणता, प्रौढ पुरुष हवा. एक अक्षर चुकलं तरी ती बाद.

तळखारमधल्या बंद घरांच्या, विकल्या गेलेल्या घरांच्या चौकटींवर या सागवानी नळ्या अजून तशाच होत्या. नव्या मालकांनी काढल्या नव्हत्या. “त्यांच्या देवाचं आहे, आपण कशाला हात लावा,” असं म्हणून रंग देतानाही ते तेवढी जागा सोडत. इस्राएलमध्ये आश्दोदला गेलेल्या कुटुंबांनी फोनवरून परवानग्या दिल्या, इथल्या मालकांनी चहा दिला, आणि मोझेलनं एकेक दार वाचलं.

प्रत्येक दारातून तीच एक ओळ गळलेली होती.

दुसऱ्या उताऱ्यात एक आज्ञा आहे: ही वचनं आपल्या मुलांना शिकवा. तळखारच्या गुंडाळ्यांत बाकी सगळं जागच्या जागी होतं, तेवढीच आज्ञा गायब.

जुन्या धर्मग्रंथांच्या अभ्यासाची एक रीत आहे आणि ती कळायला शाळेत जाऊन आलेलं असणं पुरे. मोझेल नव्या विद्यार्थ्यांना ती परीक्षेतल्या कॉपीवरून समजावून सांगे. दहा मुलांनी उत्तर बरोबर लिहिलं, तर कुणी कुणाचं पाहिलं हे सांगता येत नाही. पण दोघांनी ‘गंगा अरबी समुद्राला मिळते’ असं लिहिलं, तर ती दोघं शेजारी बसली होती हे नक्की. बरोबर ते सगळ्यांचं सारखंच असतं. नातं सांगते ती चूक. तोराच्या, येशूच्या शुभवर्तमानांच्या हातानं उतरवलेल्या हजारो प्रती अशाच चुकांवरून जोडत जोडत अभ्यासक त्यांचा वंशवृक्ष काढतात आणि सगळ्यांच्या मुळाशी काय लिहिलेलं असेल त्याचा माग घेतात.

तळखारच्या वृक्षाचं मूळ सापडत नव्हतं. गावातल्या या सगळ्या गुंडाळ्या बाईंच्या वडिलांनी, आरोन हझानांनी, लिहिल्या असं सगळे सांगत. हझान म्हणजे प्रार्थना चालवणारे. मोठा नेमाचा माणूस, दोन्ही उतारे तोंडपाठ. असा माणूस दर वेळी तीच ओळ गाळेल? मोझेलला ते पटेना. तिचा तर्क असा, की त्यांच्यासमोर जी जुनी प्रत होती तिच्यातच ती ओळ नसणार. आणि तसं असेल तर ती प्रत इतक्या जुन्या काळातून कोकणात आलेली असणार, की तेव्हा ही ओळ मूळ ग्रंथात शिरलीच नव्हती. उतरवणारे सहसा भर घालतात, म्हणून आखूड पाठ, म्हणजे मजकूर, बहुधा जुना, असा या शास्त्राचा एक नियमच आहे. जगात कुठं न उरलेली शाखा एका खाडीकाठच्या गावात.

त्या नियमाला एक अपवादही आहे आणि तो मोझेल दर वर्षी शिकवत असे. दोन शब्दांचा शेवट सारख्या अक्षरांनी होत असेल, तर उतरवणाऱ्याचा डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधलं सांडतं. इथं नेमके तसे दोन शब्द होते. हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवीशी झाली, की तो स्वतःच शिकवलेलं स्वतःला लागू करत नाही.

एकच दार वाचायचं राहिलं होतं. ते बाईंचं.

“चहा घे, हा नारळाच्या दुधातला हलवा घे,” बाई पडवीत बसून म्हणाल्या. “दार सोड.”

“दोन मिनिटांचं काम आहे. नळी काढायचीसुद्धा नाही.”

“ऐकलं मी वर्गात. काढायची नाही, उघडायची नाही. तरी नको.”

“पण का, बाई?”

“गुंडाळून ठेवलेलं असतं ना पोरी, ते गुंडाळून ठेवायचंच असतं म्हणून.” मग जरा हसून, “हलव्याला वेलची कमी झालीय का बघ.”

वेलची कमी नव्हती. मोझेलनं तसं सांगितलं, उठली, पिशवी खांद्याला लावली. डबा पिशवीतच होता. चालू होता की बंद, हे उठताना तिनं स्वतःलाही विचारलं नाही. अंगठ्यानं कळ दाबली तेव्हा ती चपला शोधत होती, असं नंतर ती स्वतःला सांगत राहिली.

उंबऱ्याशी वळून तिनं उजवा हात वर केला आणि नळीवर बोटं टेकवली. पिशवी चौकटीला लागून. पान नीट यायला थोडा वेळ लागतो, साधारण शेमाचा पहिला भाग मनात म्हणून होईतो. शेमा म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना. त्याच नळीतला पहिला उतारा. मोझेल तो म्हणू लागली. ओठ हलत होते, डोळे मिटलेले. संपला तशी तिनं बोटं ओठांना लावली.

डोळे उघडले तर बाई तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता, मऊ.

“इतका वेळ कुणी थांबत नाही आता,” बाई म्हणाल्या. “बोट लागलं न लागलं की निघाले. तुझ्या आईनं चांगलं शिकवलंय हो.”

रेवदंड्याच्या एसटीत मोझेलनं पिशवी मांडीवर घेतली नाही. पायाशी ठेवली.

पान दोन दिवसांनी पुण्यात उलगडलं.

ती ओळ नव्हती. मोझेल पडद्याजवळ सरकली. हेच ते मूळ. मग तिनं अक्षरं पाहिली. मोठी होती, ओळीवरून घसरणारी. काही इतकी जोर देऊन काढलेली की कातडं दबलेलं होतं. ओळीच्या शेवटी जागा संपल्यामुळे दाटीवाटीनं उभी केलेली अक्षरं, शाळेच्या समूहचित्रात कडेच्या मुलांना आत ढकलतात तशी. हजार वर्षं जुन्या लेखकाचा हात असा नसतो.

संगणकानं गुंडाळीची मागची बाजूही उलगडली होती. मेझुझाच्या मागे फार काही लिहायचं नसतं. इथं देवनागरीत, डोक्यावर काळजीपूर्वक रेघ देऊन लिहिलं होतं:

कु. सेगुला आरोन चेऊलकर. इयत्ता चौथी, तुकडी अ.

तळखारच्या शाळेला तेव्हाही एकच तुकडी असणार. तरी ‘अ’.

मोझेलला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विझून गेलं. तिनं गावातल्या सगळ्या गुंडाळ्यांची अक्षरं एकापुढं एक लावायला संगणकाला सांगितलं. एकच हात. पहिल्या गुंडाळीत लटपटणारा, शेवटच्यात सुबक. एक मूल लिहायला शिकत गेलेलं स्पष्ट दिसत होतं. पहिली प्रत उतरवताना मुलीचा डोळा उडाला आणि पुढच्या साऱ्या तिनं आपल्याच पहिलीवरून उतरवल्या. जुनी शाखा नव्हती, हरवलेला पाठ नव्हता. आणि ज्या माणसाच्या नेमाची गाव आश्दोदपर्यंत आठवण काढतं, त्या आरोन हझानांनी यातली एकही लिहिली नव्हती. मुलीनं, तीही लहान मुलीनं लिहिलेली ही दारं नियमानं सगळीच बाद होती.

बाई ‘दार सोड’ का म्हणाल्या, ते आता कळलं. त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि मोझेलनं त्यांच्या डोळ्यांदेखत, देवाचं नाव घेत, ते काढून आणलं होतं. खोलीत कुणी नव्हतं तरी तिनं पडदा झाकला.

“मूळ मिळालं का?” दारातून चक्रनारायण सरांनी विचारलं. ते केंद्राचे प्रमुख, नगरकडचे, आयुष्यभर शुभवर्तमानांच्या ग्रीक प्रती जुळवत आलेले.

“बाईंनी परवानगी दिली नाही, सर.”

वाक्य खरं होतं.

“मग नाद सोड. ‘मूळ प्रत उपलब्ध नाही’ असं लिही आणि आहे त्यावर निबंध दे. तर्क पक्का आहे तुझा.” ते खुर्ची ओढून बसले. “आणि घाई कर. महिनाअखेरीला सगळे पाठ आपोआप सगळ्यांना खुले होतात. आश्दोदची माणसं रोज विचारताहेत, आमच्या दारावर म्हणे जगातली सगळ्यात जुनी तोरा आहे. तिथल्या शाळेत मुलांना सांगूनसुद्धा झालं.”

“चूक डोळ्याची असली तर, सर?”

“हझानांच्या डोळ्याची? तूच तर म्हणालीस, तसा माणूस नव्हता तो.” सर हसले. “मी तुला पहिल्या वर्षी काय सांगितलं होतं? उतरवणारे दोन जातींचे. झोपाळू आणि शहाणे. झोपाळू चुका करतो, त्या मला सापडतात. शहाण्याला वाटतं, इथं जरा बरं करून देऊ, देवाला काय म्हणायचंय ते मला जास्त कळतं. तो चूक पुसतो आणि वर गुळगुळीत करून ठेवतो. झोपाळूंनी मला पोटाला दिलं. शहाण्यांनी आयुष्य खाल्लं.”

ते गेल्यावर मोझेलनं बाईंच्या दाराचं पान पुसून टाकलं. परवानगी नव्हती, तेव्हा पुसणं हेच योग्य होतं. पण ते योग्य काम करताना तिचा हात चोराचा झाला होता. कारण पान पुसलं की निबंध तरत होता. बाईंचं गुपित झाकलं जात होतं, हझानांचं नाव राहत होतं, आश्दोदची मुलं खूश, आणि मोझेल पेणकरचं नाव वंशवृक्षाच्या बुंध्याशी. कुणाचंच नुकसान नाही. इतकं गुळगुळीत.

तिनं निबंध लिहिलाही. चांगला झाला होता. ‘मूळ प्रत उपलब्ध नाही’ या वाक्याशी ती दर वेळी अडखळे आणि पुढं जाई. ठाण्याला घरी गेली की दारातून आत शिरताना आपल्याच चौकटीवरच्या नळीला बोटं लावायची तिनं सोडली. आईच्या लक्षात आलं. “हाताला काय झालंय तुझ्या?” तिनं विचारलं. काही झालं नव्हतं.

महिना संपत आला तशी ती सरांच्या खोलीत गेली.

“निबंध मागे घेते. ओळ डोळ्यानं सांडलीय. तळखारचा पाठ जुना नाही.”

“कशावरून?”

“मूळ पाहिलं.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “परवानगी नव्हती म्हणालीस.”

“नव्हती.”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त तिच्याकडे, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी असल्यासारखे बघत राहिले.

“पान?”

“पुसलं.”

“म्हणजे पुरावा काहीच नाही. मी तुझ्या शब्दावर विसंबायचं.”

“नका विसंबू. ‘एका दाराचा पाठ संमतीशिवाय घेतला आणि नष्ट केला, त्यामुळे या अभ्यासाचा निष्कर्ष टिकत नाही’ एवढंच माझ्या नावानं जाऊ दे. दार कुणाचं, आत काय, ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही.”

“डबा परत तुझ्या हातात यायचा नाही, मोझेल.”

“माहीत आहे, सर.”

“आणि ज्यांचं दार वाचलंस, त्यांना?”

त्यांच्याकडे जाण्यासाठी तिनं एक दिवस मनात धरून ठेवला होता. बेने इस्राएल वर्षातून एकदा कडक उपास करतात. सूर्य मावळायच्या आत दारं लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायची नाहीत. कोकणात त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी देवाकडे चुकांची माफी मागायची. पण माणसांशी केलेल्या चुकांना तिथं दाद नसते. त्या दार लागायच्या आत ज्याच्या त्याच्याकडे जाऊन निस्तरायच्या.

मोझेल तळखारला पोचली तेव्हा दुपार उतरली होती. बाई पडवी झाडत होत्या.

“अगंबाई, तू? उपासाच्या आदल्या दिवशी कोण प्रवासाला निघतं? जेवून घे, वेळ आहे अजून.”

“आधी बोलते, बाई. मग तुम्हाला वाटलं तर जेवते.” ती पायरीवरच उभी राहिली. “मी तुमचं दार वाचलं.”

केरसुणी थांबली.

“त्या दिवशी. निघताना.”

“यंत्र कुठं होतं?”

“पिशवीत.”

“पिशवीत,” बाई म्हणाल्या. मग केरसुणी भिंतीशी टेकवून, “आणि तू जी उभी राहिलीस, ते?”

“वेळ लागतो त्याला. म्हणून.”

“ओठ हलत होते तुझे.”

“शेमा म्हणत होते. वेळ मोजायला.”

बाई पायरीवर बसल्या. झाडलेला केर वाऱ्यानं पुन्हा पडवीभर झाला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. “त्या शुक्रवारी मी तुझ्या नावानं एक दिवा जास्त लावला,” त्या म्हणाल्या.

मोझेलला कुठं बघावं कळेना. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. निबंध मागे घेतल्याचं, पान पुसल्याचं, कुणाला सांगितलं नसल्याचं तिनं सांगितलं. सांगता सांगता ते सगळं तिलाच फार पोकळ वाटलं, चोरानं ‘डबा धुऊन परत ठेवलाय’ म्हणावं तसं.

“मागं नाव आहे ना माझं?” बाईंनी अचानक विचारलं.

“आहे. इयत्ता, तुकडी सगळं.”

“बाबा एवढे चिडले होते. म्हणाले, आता ही दुसऱ्याच्या दाराला कशी लावायची, नाव लिहून ठेवलंस. आपल्याच दाराला लाव.” बाईंच्या आवाजात हसू होतं, पण चेहऱ्यावर नव्हतं. “त्यांचा उजवा हात गेला होता, अर्धांगानं. नजरही अधू झालेली. आणि गावातले सगळे बोटीवर बसायला निघालेले. जो तो येऊन म्हणे, आरोनभाऊ, तुमच्या हातची मेझुझा द्या, इथल्या दाराला राहील, एक तिकडं नेऊ. आपला हात चालत नाही, हे त्यांना कुणाला सांगवेना. मग दुपारी दार लावून मी लिहायची. मुलीची चालत नाही, लहान पोराची चालत नाही, आणि मी दोन्ही. बाबांना ते माहीत होतं. शेवटपर्यंत त्यांना त्याची लाज होती. म्हणून तुला नको म्हटलं. माझ्यासाठी नव्हे.”

शाळा सुटल्याची घंटा झाली. रस्त्यावरून जाणारी मुलं “बाई, बाई” करून हात हलवत गेली. बाईंनीही हलवला.

“आता वाचलंच आहेस तर सांग,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे का ग लिहिलेलं?”

मोझेलनं वर पाहिलं. बाई अगदी सरळ बसल्या होत्या. तपासलेली वही परत मिळण्याची वाट बघावी तशा.

हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. त्यानं एका म्हाताऱ्या माणसाचं मन राहिलं असतं, आणि आता तरी काही बरं केल्यासारखं वाटलं असतं. मोझेलच्या जिभेवर तो आला होता. मग तिला सरांचे शहाणे आठवले. चूक पुसून वर गुळगुळीत करणारे. या घराशी ती एकदा खोटं वागून झाली होती. पुन्हा तेच, फक्त या वेळी प्रेमानं.

“एक ओळ राहिलीय, बाई.”

“कुठली?”

“दुसऱ्या उताऱ्यातली. मुलांना शिकवा, ती. सगळ्याच दारांत.”

बाईंचा हात मांडीवरच्या पदराची घडी घालत राहिला, मोडत राहिला.

“बाबा म्हणायचे, वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक वेळी. लिहून झालं की त्यांच्यापुढं बसून वाचायचं. मला दोन्ही उतारे पाठ होते. खेळायला जायची घाई. मी कातड्याकडे बघायची आणि पाठ म्हणायची. ते मान डोलवायचे. शाब्बास म्हणायचे.” त्या थांबल्या. “म्हणजे ते गेले ते बरोबर आहे असं समजूनच.”

“तुम्ही लहान होता, बाई.”

“होते ना. तेच म्हणते मी.” बाईंनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. “शेमा म्हणायचा आणि समोरच्याला फसवायचं. मीही केलं, तूही केलंस. पण मी चौथीत होते.”

त्यात राग नव्हता. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर दाखवताना असतो तसा आवाज होता. मोझेलनं मान खाली घातली आणि ती घातलेलीच राहिली.

“माफ करा, बाई.”

“लगेच नाही जमायचं. उद्याचा अख्खा दिवस दार लावून बसायचंच आहे. बघते.” बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आणि ती ओळ लिहायची राहिली, तर राहिली. जन्मभर दुसरं केलंय काय मी? चल, दोन घास खा. उपाशीपोटी उपास धरू नये.”

मोझेल जेवली. बाईंनी वाढलेलं बिरडं-भात खाली बघून जेवली. भांडी घासली, पडवी पुन्हा झाडली. ऊन खाडीवर तिरपं झालं तेव्हा बाई खिडक्या लावू लागल्या, आणि ती पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली.

बाहेर पडताना नळी तिच्या डाव्या हाताशी होती. सागवानाला तिथं बोटांनी झिजून खळगा पडला होता. तिचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच राहिला. लावावा तर कोणत्या तोंडानं, आणि न लावता जावं तर बाईंच्या दारातून तसं जायचं कसं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली.

“आता लाव,” त्या म्हणाल्या.

मोझेलनं बोटं टेकवली. ओठ घट्ट मिटलेले होते. त्या दिवशी इतका वेळ टेकलेली बोटं आज पळभरही तिथं ठरेनात. तिनं ती चटकन मागे घेतली आणि ओठांना न लावताच मुठीत धरली. बाईंनी पिशवी परत दिली. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली आणि मागे दार लागल्याचा, मग आतून कडी पडल्याचा आवाज आला.